शोधनिबंध छापून झाला, पुढचे काम कुणाचे?

संपादक महोदय,

एखादे धोरण फसले की 'तज्ज्ञांचे कुणी ऐकतच नाही' ही तक्रार लेखांतून आणि वाचकपत्रांतून हमखास येते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. संशोधकांना धोरणप्रक्रियेशी जोडून देण्याचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना रोज दिसणारी अडचण वेगळी आहे. पुष्कळदा पुरावा नाकारला जातो असेही नाही. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर तो वेळेत आणि वापरता येईल अशा रूपात येतच नाही. तो तिथवर नेणे हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसते. संशोधक म्हणतो, माझा निबंध छापून झाला. अधिकारी म्हणतो, माझ्यापर्यंत काही आलेच नाही. दोघेही खरे बोलत असतात.

धोरणकर्ते संशोधन का वापरत नाहीत, याविषयीच्या 145 अभ्यासांचा पद्धतशीर आढावा, म्हणजे उपलब्ध अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून आणि पारखून केलेली एकत्रित मांडणी, 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. उपयोगी संशोधन हाती न लागणे आणि ते वेळेवर न मिळणे ही त्यात वारंवार आढळलेली कारणे होती. संशोधक आणि अधिकारी यांच्यात ओळख, सहकार्य असेल तिथे वापर वाढतो, हेही त्यातून दिसले. त्याहून बोलका प्रयोग ब्राझीलमधला आहे. तिथल्या 2,150 नगरपालिकांना घेऊन केलेल्या या कामाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या एका भागात, कर भरण्याची आठवण देणारे साधे पत्र पाठवले की वसुली सुधारते, हे संशोधन चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या महापौरांना एका छोट्या सत्रात समजावून सांगितले गेले. वर्ष-दोन वर्षांनी पाहिले, तर सत्राला बसलेल्यांच्या नगरपालिकांत अशी पत्रे पाठवण्याचे प्रमाण 10 टक्केबिंदूंनी जास्त होते. दबाव नव्हता, अनुदान नव्हते. नेमकी माहिती नेमक्या माणसाला मिळाली होती.

ही माहिती पोहोचवायची कशी, याची रीत शिकता येते आणि शिकवताही येते. तिची सुरुवात प्रश्नापासून होते. संशोधकाकडे उत्तर तयार असते आणि तो त्याला साजेसा प्रश्न शोधत निघतो. अधिकाऱ्यासमोर प्रश्न असतो आणि तो बहुधा तीनपैकी एका जातीचा असतो. अडचण केवढी आहे आणि कुणाला आहे? ती सोडवायचे मार्ग कोणते आणि त्यांतला कोणता चालतो? ठरलेला मार्ग प्रत्यक्षात राबवायचा कसा? पहिल्यासाठी सर्वेक्षणे आणि नियमित नोंदी लागतात. दुसऱ्यासाठी तुलनात्मक अभ्यास लागतात, शक्य तिथे यादृच्छिक नियंत्रित चाचण्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांची तुलना. तिसऱ्याचे उत्तर बहुतेकदा मुलाखतींतून, निरीक्षणांतून आणि खर्चाच्या हिशेबातून मिळते. लोक केंद्रावर का येत नाहीत, याचे उत्तर कोणतीही चाचणी देणार नाही. आमच्या अनुभवात धोरणकर्त्यांसाठी लिहिलेली सर्वाधिक टिपणे इथेच वाया जातात. विभागाने विचारलेले असते 'काय करावे?', आणि संशोधक 20 पानांत समस्या किती गंभीर आहे हे सिद्ध करतो. ती गंभीर आहे हे ठाऊक होते म्हणूनच तर विचारणा झालेली असते.

यानंतरचा प्रश्न, निर्णय नेमका कुठे होतो. परिपत्रक विभागाच्या पातळीवर बदलते, नियमासाठी अधिसूचना लागते, कायद्यासाठी विधिमंडळ आणि नव्या खर्चासाठी अर्थसंकल्पातील तरतूद. आपली सूचना यांपैकी कशात बसते हे ठाऊक नसेल, तर ती कुणाकडे न्यायची हेही कळत नाही. एका कोऱ्या कागदावर चार नावे लिहावीत: मसुदा कोण लिहितो, त्यावर अभिप्राय कोण देतो, सही कोण करतो आणि अडवू कोण शकतो. चौथ्या नावाचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी वित्त विभागाचा, विसर हमखास पडतो. बरेच संशोधक थेट मंत्र्यांची वेळ मागतात. भेट होते, छायाचित्र निघते, कागद खाली जातो आणि ज्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याने त्यावर टिपणी लिहायची, त्याने हा विषय आधी ऐकलेलाही नसतो. तुमचा खरा वाचक तो आहे.

वेळेचे गणित तर फारच कडक. अर्थसंकल्प सादर होतो तो दिवस सगळ्यांना माहीत असतो, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी महिने आधी ठरतात. सादर होण्याच्या आदल्या पंधरवड्यात दिलेले उत्तम टिपण निरुपयोगी ठरते, त्यात अधिकाऱ्याची आडमुठी वृत्ती नसते. हरकती आणि सूचनांसाठी मसुदा खुला असतो तो काळही थोडा. भारताच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात तो किमान 30 दिवसांचा धरला आहे. नवा अभ्यास 30 दिवसांत होत नाही. म्हणून तयारी आधीची लागते: आपल्या विषयातले कोणते कायदे, योजना किंवा मानके येत्या दोन वर्षांत पुनर्विचाराला येणार आहेत याची यादी, आणि प्रत्येकासाठी अर्धेमुर्धे तयार टिपण. ब्रिटनमध्ये सरकारी विभाग आपल्याला कोणत्या प्रश्नांवर संशोधन हवे आहे याच्या याद्याच जाहीर करतात. असे सगळीकडे झाले पाहिजे. मात्र ते होईपर्यंत थांबून चालणार नाही. बैठकांची इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे यांतून विभागाची डोकेदुखी कळते.

आता पुराव्याकडे वळू. एकटा ताजा निबंध घेऊन धोरणकर्त्याकडे जाणे आम्हाला धोक्याचे वाटते, मग तो कितीही नामांकित नियतकालिकात आलेला असो. आधी पुराव्याचा एकूण साठा पाहिला पाहिजे. तो कुणी पाहिला नाही तर काय होते, याचे उदाहरण अंगावर काटा आणते. तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला अनेक देशांत 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दिला जात होता. जुन्या अभ्यासांची एकत्रित मांडणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की त्यातला धोका 1970 पर्यंतच्या पुराव्यावरूनच ओळखता आला असता. तो तेव्हा ओळखला जाता, तर ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान 50,000 बाळांचे मृत्यू टळू शकले असते, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. अभ्यास झालेले होते. ते कुणी एकत्र ठेवून मोजले नव्हते.

पूर्ण पद्धतशीर आढाव्याला नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी 67 आठवडे लागतात, असे 2017 च्या एका पाहणीत आढळले. विभागाला इतका दम धरता येत नाही. म्हणून जलद आढावा करावा लागतो, जो काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत होतो. त्यासाठी काहीतरी सोडावे लागते: दोनतीनच माहितीसाठे धुंडाळले जातात, निवड दोघांऐवजी एकच जण करतो, ठराविक भाषांतले किंवा ठराविक वर्षांनंतरचेच अभ्यास घेतले जातात. हे चालते, लपवणे चालत नाही. काय सोडले आणि त्यामुळे उत्तर कोणत्या बाजूला झुकू शकते, हे पहिल्याच पानावर दोन ओळींत लिहावे. आधीच कुणी चांगला आढावा केलेला आहे का, हे तर सर्वांत आधी पाहावे. आरोग्यासाठी 1993 पासून कॉक्रेन आणि समाजधोरणांसाठी 2000 पासून कॅम्पबेल या आंतरराष्ट्रीय जाळ्यांनी असे आढावे केले आहेत, आणि मोठे काम त्यातच झालेले असू शकते.

पुरावा किती भक्कम, हे सांगायलाही ठरलेली पद्धत आहे. 'ग्रेड' या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. यादृच्छिक चाचण्यांचा पुरावा वरून सुरू होतो, निरीक्षणात्मक अभ्यासांचा, म्हणजे गट न पाडता जे घडते ते नोंदणाऱ्यांचा, खालून. मग पाच कारणांनी पायरी उतरते: अभ्यासाच्या रचनेतच पूर्वग्रहाला वाव असणे, निरनिराळ्या अभ्यासांची उत्तरे न जुळणे, पुरावा आपल्या प्रश्नाला थेट लागू नसणे, आकडा फार सैल असणे (म्हणजे तो बराच कमी किंवा जास्त असू शकणे), आणि नकोसे निष्कर्ष छापलेच न गेल्याची शंका. धोरणात सर्वांत जास्त फसवते ते तिसरे कारण.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 पासून शालेय वर्गांवर मोठा प्रयोग झाला. 13 ते 17 मुलांच्या वर्गातील मुलांची प्रगती 22 ते 25 मुलांच्या वर्गांपेक्षा चांगली दिसली. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये धडाक्याने सगळीकडे वर्ग लहान केले, सुमारे 30 वरून 20 मुलांवर. एवढे शिक्षक आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती झाली आणि त्याची झळ गरीब वस्त्यांतील शाळांना जास्त बसली. टेनेसीसारखा ठळक फायदा तिथे दाखवता आला नाही. टेनेसीचा प्रयोग चुकीचा नव्हता; त्याबरोबर चांगले शिक्षक पुरेसे असण्याची अट होती आणि ती निबंधाच्या निष्कर्षात लिहिलेली नव्हती. म्हणून प्रत्येक निष्कर्षाला चार प्रश्न विचारावेत. काम कुणी केले? त्यांना प्रशिक्षण किती दिवसांचे होते? देखरेख कुणाची होती? आणि प्रयोगासाठी जे मुद्दाम पुरवले गेले, ते मोठ्या प्रमाणावर कोण पुरवणार?

गडचिरोलीतील घरोघरी नवजात शिशू सेवेचे उदाहरण मराठी वाचकांना परिचित आहे, पण त्यातला हा भाग सहसा सांगितला जात नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने 39 गावांत ही सेवा दिली, 47 गावांशी तुलना केली आणि नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षात 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. देशाच्या कार्यक्रमात आशांच्या घरभेटी आल्या त्या 2011 मध्ये. मधल्या काळात हीच पद्धत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसांच्या हातून चालते का, हे तपासावे लागले. आणि मूळ प्रयोगात गावातील प्रशिक्षित कार्यकर्ती जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असे. तो भाग आशांच्या कामात घेतला गेला नाही. धोरण संशोधन असे तुकड्याने उचलते. त्यामुळे योजनेतल्या कोणत्या भागाने किती फरक पडतो आणि कोणता भाग गाळला तर उरलेल्याचा किती उपयोग राहतो, याचे उत्तर संशोधकाजवळ तयार हवे. ते नसेल तर काय गाळायचे हे सोयीनुसार ठरते.

लेखनाबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण हातात कागद पडल्यावर पहिल्या मिनिटातच त्याचे भवितव्य ठरते. कॅनडातील एका आरोग्यसेवा संशोधन प्रतिष्ठानाने रूढ केलेला 1-3-25 हा साचा अजूनही उत्तम आहे: एक पान मुख्य मुद्द्यांचे, तीन पाने सारांशाची, 25 पाने तपशिलाची. ब्रिटिश संसदेचे विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय 1989 पासून खासदारांसाठी टिपणे काढते; त्यांची परिचित लांबी चार पानांची. सुरुवात करणाऱ्याने दोन पाने, साधारण 800 शब्द, एवढेच लक्ष्य ठेवावे. शीर्षकात विषयाऐवजी निर्णय असावा. पहिल्या परिच्छेदात उत्तर. मग समस्येचा आकार, संबंधित प्रदेशाच्या आकड्यासह. मग तीन पर्याय, ज्यांत 'आहे तसेच चालू ठेवणे' हा एक असलाच पाहिजे, कारण विभागाच्या दृष्टीने तो नेहमीच खुला असतो. प्रत्येक पर्यायापुढे अपेक्षित परिणाम, खर्च, राबवणारी यंत्रणा, तोटा कुणाला, खात्री किती. शेवटी माहीत नसलेल्या गोष्टी, तारीख, पैसा कुणी दिला, आणि उत्तर देऊ शकणाऱ्या एका माणसाचा संपर्क. पद्धतीचे वर्णन दोन ओळींत आटपावे. ज्याला हवे तो 25 पाने उघडेल.

आकडे कसे उलगडायचे याचा एक काल्पनिक नमुना देतो. निबंधात वाक्य असते: 'हस्तक्षेप गटात आजाराचे संधी-गुणोत्तर 0.72 आढळले, 95 टक्के विश्वासमर्यादा 0.55 ते 0.94.' हस्तक्षेप गट म्हणजे योजना मिळालेले लोक, 'संधी' म्हणजे आजार झालेले भागिले न झालेले, संधी-गुणोत्तर म्हणजे योजना मिळालेल्यांची संधी भागिले न मिळालेल्यांची, आणि विश्वासमर्यादा म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा. अधिकाऱ्याला यातून काही हाती लागत नाही. आता मूळ प्रमाण घ्या. समजा दर 1000 लोकांत 40 जणांना हा आजार होतो. 40 भागिले 960, म्हणजे 0.0417 ही मूळ संधी. तिला 0.72 ने गुणले की 0.03, आणि तिचे पुन्हा प्रमाण केले की 1000 मागे सुमारे 29. विश्वासमर्यादा तशाच उलगडल्या तर 22 ते 38. टिपणातले वाक्य असे होते: 'ही योजना एक लाख लोकांपर्यंत पोहोचली तर आजाराची सुमारे 1,100 प्रकरणे टळतील, हा आकडा 200 इतका कमी किंवा 1,800 इतका जास्तही असू शकतो.' या वाक्यावर खर्चाचा हिशेब मांडता येतो. सुमारे 90 जणांना सेवा दिली की एक प्रकरण टळते, हेही त्यातूनच निघते.

याच ठिकाणी एक चूक वारंवार होते. 0.72 म्हणजे '28 टक्के घट' असे सरसकट लिहिले जाते. आजार विरळ असेल तर ते जवळपास बरोबर असते. पण मूळ प्रमाण 1000 मागे 400 असेल, तर त्याच 0.72 ने ते 324 वर येते, म्हणजे घट 19 टक्के. संधी-गुणोत्तर आणि जोखमीचे गुणोत्तर (दोन गटांतल्या आजाराच्या थेट प्रमाणांचे) यांतला हा फरक टिपण लिहिणाऱ्याला कळलाच पाहिजे, नाहीतर योजनेचा फायदा पहिल्याच दिवशी फुगवून सांगितला जातो आणि दोन वर्षांनी योजना 'अपयशी' ठरते.

नुसती टक्केवारी किती घात करते, ते ब्रिटनमध्ये 1995 साली दिसले. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. तो खरा होता: 7,000 स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. 'दुप्पट' एवढेच ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या आणि नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या, ज्यात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. म्हणून टिपणात आधी निरपेक्ष आकडा, मग हवी तर टक्केवारी.

अनिश्चितता सांगितली तर आपले म्हणणे कमकुवत पडेल, ही भीती संशोधकांना वाटते. आमचे मत उलट आहे. हवामान बदलाच्या आंतरशासकीय मंडळाने शब्दांना आकडे बांधून दिले आहेत: 'संभाव्य' म्हणजे 66 टक्क्यांहून अधिक शक्यता, 'अतिसंभाव्य' म्हणजे 90 हून अधिक, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे 99 हून अधिक. हा शिस्तीचा वापर कोणत्याही टिपणात करता येतो. तो न केल्यास मधला माणूस आपल्या सोयीचा अर्थ घालतो. इटलीतील लाक्विला शहरात लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर 31 मार्च 2009 रोजी तज्ज्ञांची बैठक झाली. मोठा भूकंप होईल की नाही, हे सांगता येत नाही, ही भूकंपशास्त्राची खरी मर्यादा होती. लोकांपर्यंत मात्र एका अधिकाऱ्याच्या तोंडून निर्धास्त राहण्याचा संदेश गेला. 6 एप्रिलच्या भूकंपात 300 हून अधिक माणसे गेली. सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना 2012 मध्ये शिक्षा झाली. 2014 मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. यातून घ्यायची खबरदारी साधी आहे: आपला निष्कर्ष लोकांना कोण, कोणत्या शब्दांत सांगणार हे बैठक संपण्यापूर्वी लेखी ठरवावे, आणि आपले मूळ टिपण त्याच दिवशी खुले करावे.

भेटीबद्दल थोडक्यात. 15 मिनिटे मिळाली असे धरून चालावे, पाचच मिळतात. सादरीकरणाचा पडदा नको. एक पान हातात द्यावे आणि निर्णयापासून बोलायला सुरुवात करावी. 'तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते?' हा प्रश्न येतोच. उत्तर देताना रेघ उघड ओढावी: इथपर्यंत पुरावा सांगतो, यापुढे माझे मत आहे. कुणाचा फायदा आधी पाहायचा, किती जोखीम पत्करायची, पैसा कुठला वळवायचा हे प्रश्न विज्ञानाने सुटत नाहीत. ते लोकांना उत्तरदायी असलेल्यांनीच सोडवायचे असतात. संशोधनाला उद्योगाकडून पैसा मिळाला असेल तर न विचारता सांगावे. तो नंतर उघड झाला की खरे आकडेही संशयात जातात. जो आकडा 'नंतर कळवतो' म्हटले, तो दोन दिवसांत पाठवावा. आणि भेटीचा सार लेखी ठेवावा, कारण सहा महिन्यांनी त्या खुर्चीत दुसरे कुणी असते आणि तोंडी ओळख फाइलबरोबर पुढे जात नाही.

कधी कधी विभागाने निर्णय आधीच घेतलेला असतो आणि त्याला शोभेसा पुरावा हवा असतो. संशोधकाने यात भाग घेऊ नये. आपल्या टिपणातली अर्धीच ओळ उचलली गेली तर वाद न घालता, लेखी आणि नेमकी दुरुस्ती पाठवावी. सूचना मान्य झाली नाही, तर मात्र तो अपमान समजू नये. खर्च, न्याय, कायदा, राबवण्याची ताकद ही कारणे खरी असतात.

सर्वांत चांगली संधी असते ती योजना सुरू होण्यापूर्वीची. मेक्सिकोने 1997 मध्ये गरीब कुटुंबांसाठी सशर्त रोख मदतीची योजना आणली. पैसा सगळीकडे एकदम पुरणार नव्हताच, तेव्हा मूल्यमापनासाठीच्या 506 वस्त्यांपैकी 320 ना चिठ्ठ्या टाकून आधी मदत दिली आणि 186 ना नंतर. टप्प्याटप्प्याने जाणे भाग होते. त्यातूनच विश्वासार्ह तुलना मिळाली. 2000 मध्ये सत्तांतर झाले, तरी योजना टिकली, आणि त्यात या पुराव्याचा मोठा वाटा मानला जातो. टप्प्यांत सुरू होणारी कोणतीही योजना अशी तपासता येते, अट एवढीच की पहिला टप्पा ठरण्याआधी संशोधक आणि विभाग एका टेबलाशी बसलेले हवेत.

हे सगळे एकट्या संशोधकाने, शिकवणे आणि प्रयोगशाळा सांभाळून, रात्री जागून करावे अशी अपेक्षा अन्याय्य आहे. ज्या देशांनी ते मनावर घेतले, त्यांनी त्यासाठी माणसे आणि पैसा दिला. अमेरिकेतील विज्ञान संवर्धन संघटना 1973 पासून शास्त्रज्ञांना वर्षभरासाठी धोरणाच्या कामात पाठवते. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधन मूल्यमापनात समाजावरील परिणामाला 2014 मध्ये 20 टक्के आणि 2021 मध्ये 25 टक्के वजन दिले गेले. उलटेही घडते: अमेरिकी काँग्रेसचे तंत्रज्ञान मूल्यांकन कार्यालय 1972 मध्ये स्थापन झाले आणि 1995 मध्ये निधी काढून घेतल्याने बंद पडले. अशी व्यवस्था कायदा आणि तरतूद दोन्हींनी बांधलेली नसेल, तर ती कुणाच्या तरी मर्जीवर राहते.

विद्यापीठांकडे आमची मागणी तीन गोष्टींची आहे. दुवा साधणाऱ्यांची पूर्णवेळ, कायमची पदे निर्माण करावीत. त्यांना आढावा करता यावा, सोपे लिहिता यावे आणि सरकारी कामकाज कळावे. धोरणासाठी केलेले टिपण आणि समितीपुढची साक्ष पदोन्नतीच्या वेळी मोजली जावी, सरकारने सूचना मानली की नाही यावर ती अवलंबून न ठेवता. आणि प्रशिक्षण हाताने काम करायला लावणारे असावे. अर्ध्या दिवसाच्या व्याख्यानाने काही होत नाही. प्रत्येकाने आपल्याच निबंधाचे दोन पानी टिपण करावे, ते प्रत्यक्ष काम केलेल्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावे, पुन्हा लिहावे. मग दहा मिनिटांची लटकी साक्ष, ज्यात प्रश्न विचारणारे अडवून विचारतील. मग काही आठवडे विभागात बसून खऱ्या फाइलवर काम. अधिकाऱ्यांनीही तितकेच दिवस संशोधन संस्थेत घालवावेत. निधी देणाऱ्या संस्थांनी या कामाचा खर्च प्रस्तावातच वेगळ्या शीर्षाखाली मान्य करावा. तो प्रकल्प संपताना शिल्लक राहील तर करू, असे ठरले की शिल्लक कधीच राहत नाही.

आणि एक विनंती आपल्याकडे. संशोधनाची बातमी छापताना निरपेक्ष आकडा, निधी देणाऱ्याचे नाव आणि तो एकच अभ्यास आहे की अनेकांचा आढावा, या तीन गोष्टी बातमीतच द्याव्यात. एखाद्या धोरणाचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा शेवटची तारीख आणि सूचना पाठवण्याचा पत्ता पहिल्या आठवड्यातच ठळक छापावा, आणि त्या मसुद्यात कोणत्या पुराव्याचा आधार घेतला आहे हे विभागाला विचारून त्याचे उत्तरही छापावे.

आपले,
संशोधन आणि धोरण यांच्यात दुवा साधण्याचे काम करणारे काही जण